मदत हवी आहे: नगरपरिषद हद्दीतल्या प्लॉटचं पोटविभाजन, मागच्या तुकड्याला रस्ता कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी आजोबांनी घेतलेला 11 गुंठ्यांचा प्लॉट आहे, नगरपरिषद हद्दीत, बिनशेती, रहिवासी झोन (त्यामुळे शेतजमिनीच्या तुकडेबंदीचा विषय नाहीये). पुढे रस्त्याला लागून जुनं घर, तिथे आईबाबा राहतात. मागे दोन आंबे आणि एक बुजवलेली विहीर. काकांना मागे घर बांधायचंय, लोनला गेले तर बँकवाले म्हणाले प्रॉपर्टी कार्ड वेगळं करून आणा. इथून सुरुवात झाली.

आत्याने हक्कसोडपत्र करून दिलं (अट एकच, दरवर्षी एक पेटी आंबे, आणि ते ती मोजून घेते), बाबा-काकांचं वाटणीपत्र रजिस्टर झालं, वाटलं सुटलो. कसलं काय. भूमी अभिलेखवाले म्हणतात नुसत्या वाटणीपत्रावर कार्ड फुटणार नाही, मंजूर रेखांकन (लेआउट) आणा, आणि नगरपरिषदेत गेलं की आधी मोजणीची क प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दींचा नकाशा) आणा. मग मोजणीचे पैसे भरले, तारीख यायला तीन महिने गेले. कार्डावर 1113 चौ.मी. आहे, जागेवर भरलं 1064. बाकीचं शेजारच्या काकूंच्या कंपाउंडात, आणि नेमकं तिथेच त्यांचं तुळशीवृंदावन! मोजणीवाल्यांनी चुन्याची रेघ बरोब्बर वृंदावनाशी आणून थांबवली आणि सगळे एकमेकांकडे बघत उभे. बाबा म्हणाले राहू दे. आर्किटेक्टही म्हणाले कागद आणि जागा यात जे कमी भरेल तेच धरतात, उगाच वाद नको.

आता खरी अडचण. फाइल ऑनलाइन टाकली, छाननी शुल्क भरलं, त्रुटीपत्र आलं. एक, मागच्या प्लॉटला पोचरस्ता अपुरा. वाटणीपत्रात आम्ही 10 फुटी बोळ सोडलाय, वकिलांनी लिहिला आणि आम्ही सह्या केल्या, तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही की नगरपरिषद काय म्हणेल. आर्किटेक्ट म्हणतात युडीसीपीआरप्रमाणे (राज्याची 2020 ची बांधकाम नियमावली) लेआउटमधला रस्ता कमीत कमी 9 मीटर धरतात. आमचा दर्शनी भागच 21 मीटर, त्यातले 9 गेले तर बाबांची पुढची खोली रस्त्यात जाते. दोन, जुन्या घराचा बाहेरून वर जाणारा जिना नव्या हद्दीपासून जेमतेम दोन फुटांवर येतो, म्हणजे मागचा समास (घर आणि हद्द यांत सोडायची मोकळी जागा) सुटत नाही. हद्द मागे सरकवली तर काकांची जागा कमी होते, जिना पाडायचा म्हटलं तर बाबा दोन दिवस बोलत नाहीत. उभी वाटणी करावी तर घराचेच दोन भाग होतात.

आर्किटेक्टनी एक सुचवलंय की बोळ सामाईक न ठेवता मागच्या प्लॉटलाच जोडून टाका, म्हणजे त्या प्लॉटला रस्त्यापर्यंत एक शेपूट, मालकी काकांचीच. हे असं कुणाचं मंजूर झालंय का, आणि झालं असेल तर शेपटाची रुंदी किती ठेवली होती? प्लीज फक्त स्वतः केलेल्यांनी सांगा, "ओळखीत एकाचं झालं" हे गेले चार महिने ऐकतोय.

दुसरं म्हणजे नकाशा बदलला तर वाटणीपत्राला चूक दुरुस्ती पत्र करून भागेल की सगळा दस्त परत करावा लागेल? वकील एक सांगतात, दस्त लिहिणारे दुसरंच.

आणि एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 45 मध्ये 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानायचं, असं आहे ना, पण ते प्रस्ताव नियमात पूर्ण बसत असेल तरच आणि आमचा तर त्रुटीतच अडकलाय. पूर्तता दिली की तिथून पुढे 60 दिवस मोजायचे, बरोबर ना? एक एजंट म्हणतोय "रस्त्याचं मी बघतो", पण उद्या काकांच्या बांधकाम परवानगीला हाच नकाशा लागणार, तेव्हा कुणी आक्षेप घेतला तर हा फोन तरी उचलेल का.

नकाशा टाकला असता पण त्यावर सगळ्यांची नावं आहेत, संध्याकाळी हाताने काढून टाकतो.

अपडेट: आत्ता आर्किटेक्टचा फोन आला, त्रुटीपूर्ततेला शुक्रवारपर्यंतच मुदत आहे. कुणी मुदतवाढीचा अर्ज केलाय का, साध्या कागदावर चालतो की तोही ऑनलाइनच टाकायचा?