१५०० वॅटचा रॉड ५.१ अँपियरच घेतोय, दुकानदाराने फसवलं का? (अर्जंट)

चोपडेकर_७:
परवा पाणी तापवायचा रॉड आणला, वर १५०० वॅट लिहिलंय, आयएसआय मार्क पण आहे. पहिल्याच दिवशी २० लिटरची बादली तापायला पाऊण तास लागला म्हणून मित्राचा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून अँपियर मोजतात तो) लावला तर ५.१ अँपियर. १५०० भागिले २३० म्हणजे ६.५ यायला पाहिजे ना? आणि ५.१ गुणिले २३० केलं तर ११७३ वॅटच होतात, मग सव्वातीनशे वॅट गेले कुठे? मल्टिमीटरने रॉडचा रोध ३५.३ ओहम येतो पण २३० भागिले ५.१ केलं तर ४५ येतो, डोकं चालेना. दुकानदार उद्यापर्यंतच बदलून देणार आहे, लवकर सांगा.

तापीकाठचा:
भाऊ, व्होल्टेज किती शे ते त सांग पहिले.

चोपडेकर_७:
२३०. घरातलं असतं तेच.

तापीकाठचा:
मोजलं का धरलं?

केळीवाला_रावेर:
फसवलंच आहे, परत करून टाका. व्होल्टेज कमी झालं की अँपियर वाढतात, तुमचे उलट कमी झालेत म्हणजे आतली कॉइलच हलकी. माझी ५ एचपीची पाणबुडी मोटर, रात्री सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज बसतं आणि ती जास्त अँपियर ओढते, गेल्या साली त्याच्यातच वायंडिंग जळालं, दोन दिवस बागेला पाणी नव्हतं. स्टॅबिलायझर घ्या.

मास्तर_धुळे:
केळीवाले, मोटरीचं गणित रॉडला लावू नका. मोटरीला तेवढंच पाणी वर फेकायचं असतं, व्होल्टेज कमी पडलं तर ती अँपियर जास्त ओढते. रॉड म्हणजे नुसती तार, व्होल्टेज कमी तर अँपियरही कमी. आता चोपडेकर, तुमची चूक बघा. अँपियर मोजले, रोध मोजला, पण २३० मात्र पुस्तकातून उचलले. २३० चा वर्ग भागिले १५०० करा, ३५.३ येतं, म्हणजे रॉड अगदी बरोबर आहे. आणि ३५.३ गुणिले ५.१ केलं तर १८० येतात. तुमच्या रॉडवर १८० च व्होल्ट पोचत असणार, मोजून बघा. तसं असेल तर १८० गुणिले ५.१ म्हणजे ९१८ वॅट. व्होल्टेज बावीस टक्के घटलं तरी पॉवर चाळीस टक्के जवळ घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गात चालते.

केळीवाला_रावेर:
मग माझ्या मोटरीला पण व्होल्ट गुणिले अँपियर केलं तर वॅट निघतील का?

मास्तर_धुळे:
नाही. थ्री फेजला १.७३ ने गुणा, वर पॉवर फॅक्टरने, म्हणजे ओढलेल्यातला जेवढा भाग खरंच कामी येतो त्याने. वेगळा धागा काढा.

भरीतप्रेमी:
कशाला एवढं, तांब्याचा बंब काढा आणि पऱ्हाट्या पेटवा. कापूस वेचून झाला की शेतात फुकट पडलेल्या असतात.

तापीकाठचा:
पऱ्हाट्या बंबात घालता? भरीत कशावर भाजता मग, गॅसवर?

भरीतप्रेमी:
त्याच्यासाठी वेगळी मोळी ठेवलीय भो. बामणोदचं वांगं गॅसवर भाजणारा माणूस आमच्या घरात जेवत नाही.

चोपडेकर_७:
अरे विषय कुठे नेला. मास्तर, मोजलं. रॉड चालू असताना बाथरूमच्या बोर्डवर १८०, बंद केला की २१२. कसं ओळखलं?

वायरमन_दादा:
थांबा, ह्यात लोच्या आहे. क्लॅम्प एकाच वायरला लावला होता ना, पूर्ण केबलला लावला तर शून्यच दाखवतो. आणि रोध मोजताना प्लग काढला होता ना? आता रॉड चालू ठेवून मेन बोर्डवर मोजा. तिथे किती?

चोपडेकर_७:
एकाच वायरला, प्लग पण काढला होता. मेनवर २०८.

वायरमन_दादा:
म्हणजे मेनपासून बाथरूमपर्यंत २८ व्होल्ट गायब. भागिले ५.१, साडेपाच ओहम. एवढा रोध सरळ वायरीत येत नाही, १ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर २५ मीटर गेली आणि २५ मीटर परत आली तरी एका ओहमच्या आत. तुमच्याकडे कुठेतरी जोड सैल आहे आणि २८ गुणिले ५.१ म्हणजे १४३ वॅटची शेगडी तिथे पेटलीय. रॉड आत्ताच्या आत्ता बंद करा, मेन पाडा आणि जोड शोधा.

हिशोबी_भाऊ:
बिलाचं कुणी बोललंच नाही. १५ अंशाचं पाणी ४० ला न्यायला २० लिटरला साधारण ०.५८ युनिट लागतं, ९१८ वॅट असो की १५००, फक्त वेळ बदलतो. मात्र जोडात जळणारं वेगळं.

चोपडेकर_७:
सापडला. गणपतीत माळा लावायला पडवीत वायरीला जोड मारला होता, मीच. टेप वितळून वायरीला चिकटलाय, आतली तांब्याची तार काळी पडलीय आणि वरच्या वाशाला पण डाग आहे. जोड कापून कनेक्टर टाकला, आता रॉड चालू असताना २०५ व्होल्ट, ५.८ अँपियर, बादली अर्ध्या तासात. दुकानदाराला काल फोनवर बरंच काही बोललो होतो.

वायरमन_दादा:
कनेक्टरवर नका चालवू, मेनपासून अखंड २.५ स्क्वेअर एमएमची वायर ओढून घ्या, आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लगेच लाईन तोडणारा स्विच. रॉड चालू असताना बादलीत बोट घालून बघायची सवय असेल तर आधी तो बसवा.

केळीवाला_रावेर:
त्या क्लॅम्प मीटरने स्टार्टरवरचे अँपियर पण मोजता येतील ना? मित्राचा आहे तर दोन दिवस रावेरला पाठवा की.