शब्दचर्चा : ‘इटरेशन’ म्हणजे पुनरावृत्ती की आवर्तन?

प्रश्न :
मी बेळगावात सॉफ्टवेअर अभियांत्रिकी शिकवते. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा हा विषय इंग्रजीतून चालत असला, तरी खानापूर-निपाणीकडची मुले तासानंतर शंका घेऊन येतात, तेव्हा बोलणे मराठीतच होते. ‘वॉटरफॉल’ला, म्हणजे एकेक टप्पा संपवूनच पुढच्या टप्प्याकडे जाण्याच्या रीतीला, धबधबा म्हटले की गोकाकला घटप्रभेचे पाणी सुमारे 52 मीटर खाली कोसळताना पाहिलेल्या मुलांना अधिक सांगावे लागत नाही. ‘इटरेशन’साठी, म्हणजे प्रणाली फेऱ्याफेऱ्यांनी बांधत नेतानाच्या एका फेरीसाठी, मात्र ‘पुनरावृत्ती’ हा शब्द वापरला, तेव्हा एकाने विचारले, “तेच काम पुन्हा करायचे, म्हणजे पहिले चुकले होते का?” याहून नेमका शब्द कोणता?

उत्तर 1 :
आपल्या विद्यार्थ्याची शंका रास्त आहे. पुनरावृत्तीत झालेली गोष्टच पुन्हा घडते. येथे मात्र गरजांची निश्चिती, आराखडा, कोडचे लेखन आणि चाचणी यांचा क्रम तोच राहून प्रत्येक फेरीअखेर प्रणाली थोडी वाढलेली असते. म्हणून मी ‘आवर्तन’ सुचवतो. त्रितालाच्या सोळा मात्रा संपल्या की गायक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो, पण दोन समांच्या दरम्यान तो जे गातो ते दर वेळी निराळे असते आणि राग उलगडत जातो. (कुमार गंधर्वांचे सुळेभावी ज्या जिल्ह्यात आहे, तेथे हे मी सांगावे असे नाही.) कालव्याच्या पाण्याचेही आवर्तनच असते आणि त्याचे दिवस ठरलेले असतात, स्क्रम या कार्यपद्धतीतील स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या एका फेरीलाही, जास्तीत जास्त महिन्याची ठरलेली मुदत असते, त्यामुळे ती छटाही कामी येते. शिवाय हा शब्द आपल्या कन्नडभाषक विद्यार्थ्यांनाही परका वाटणार नाही. प्रोग्रॅममधल्या लूपच्या, म्हणजे त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या रचनेच्या, ‘इटरेशन’ला मात्र साधे ‘फेरा’ म्हणावे.

उत्तर 2 :
‘आवर्तन’ मान्य, ‘धबधबा’ इतक्या सहज मान्य करू नये. संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांच्या 1970 च्या ज्या निबंधाशी हे प्रतिमान जोडले जाते, त्यात ‘वॉटरफॉल’ हा शब्दच नाही. पायऱ्यापायऱ्यांची आकृती काढून, चाचणी अखेरीस ठेवणारी ही रीत धोक्याची आहे असे त्यांनी लिहिले, मागच्या पायरीकडे जाणारे बाण दाखवले आणि नवीन प्रणाली असेल तर ती दोनदा बांधावी असेही सुचवले. गोकाकचे पाणी मागे चढत नाही, म्हणून धबधब्याच्या प्रतिमेतून हे बाण नेमके गळून पडतात. शब्द आता रूढ आहे, तेव्हा तो टाळता येणार नाही. शिकवताना बाणांची आठवण तेवढी द्यावी. स्क्रम ज्यात मोडते त्या ‘अजाइल’ पद्धतीला ‘चपळ’ म्हणण्यालाही माझी हरकत आहे. तिच्या 2001 च्या जाहीरनाम्याचा भर ठरलेल्या योजनेपेक्षा बदलाला प्रतिसाद देण्यावर आहे, वेगावर नाही. ‘लवचीक’ अधिक जवळचा.

प्रश्नकर्ती :
आपणा दोघांचे आभार. ‘आवर्तन’ वर्गात रुजले, परंतु तबला शिकणाऱ्या एका मुलीने लगेच विचारले, “मग सम कोणती?”

उत्तर 1 :
ग्राहकापुढे ठेवता येईल अशी, चाचणी झालेली आणि चालणारी प्रणाली, ही सम. स्प्रिंटची मुदत संपली आणि हाती अर्धवट लिहिलेला कोडच असला, तर मात्रा मोजून झाल्या. गायक समेवर आला नाही.