वेळ नसताना रुग्णाचा आब कसा राखावा?

प्रश्न – रातपाळी

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात चार महिन्यांपासून रुग्ण-सहायक म्हणून काम करतो. स्पंजिंग करणे म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसणे, पॉट आणि युरिनल (पलंगावरच शौच-लघवी करण्याची भांडी) देणे, चादरी बदलणे, रुग्णांना कुशीवर वळवणे, भरवणे आणि तपासणीसाठी स्ट्रेचरवरून नेणे, अशी माझी कामे आहेत. प्रशिक्षणात ‘व्यक्तिकेंद्रित सेवा’, म्हणजे आजाराआधी माणसाकडे पाहणारी सेवा, हा शब्द अनेकदा कानावर पडला आणि परीक्षेत त्यावर मी चांगले उत्तरही लिहिले; परंतु त्या शब्दाचा अर्थ मला नीट कळलेला नाही, असे मागच्या आठवड्यापासून वाटू लागले आहे.

झाले असे, की एका वृद्ध गृहस्थांचे स्पंजिंग आम्ही दोघे मिळून करत होतो. पडदा ओढलेला होता, पाणी कोमट होते, क्रम चुकला नव्हता. मात्र पूर्ण वेळ आम्ही दोघे त्यांच्या अंगावरून एकमेकांशी पुढच्या आठवड्यातील ड्यूटीच्या अदलाबदलीबद्दल बोलत होतो. मध्येच माझे लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, पण झोपलेल्या माणसाचे डोळे इतके घट्ट मिटलेले नसतात. काम संपल्यावर त्यांनी फक्त “झालं का?” एवढेच विचारले. तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

ज्येष्ठ सहकाऱ्यांना विचारले, तर ते म्हणतात की प्रत्येकाशी बोलत बसलास तर पाळी संपेपर्यंत निम्मा वॉर्डसुद्धा उरकणार नाही, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. तेव्हा जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. हातात वेळ नसताना रुग्णाचा सन्मान प्रत्यक्षात कसा राखता येतो? आणि मी सर्वांना सरसकट आजी-आजोबा म्हणतो, ते योग्य आहे का?

---

उत्तर – निवृत्त परिचारिका

आपण चेहऱ्याकडे पाहिलेत, हे चांगले झाले. मी आयुष्यभर वॉर्डात काढले आणि नव्या मुलामुलींना स्पंजिंग शिकवले, म्हणून त्याच कामाबद्दल थोडे सविस्तर लिहिते.

सन्मान हे कामानंतर वेळ उरल्यास करायचे वेगळे काम आहे, असे समजणे हीच पहिली चूक होय. कपडा काढण्याआधी कोरडा टॉवेल आणि धुतलेले कपडे हाताशी ठेवले आहेत की नाहीत, यावरच बरेच काही ठरते. कारण ते नसले की कोणीतरी आणायला पळते, पडदा अर्धवट उघडा राहतो आणि रुग्ण ओल्या अंगाने छताकडे पाहत पडून राहतो. पूर्ण अंग एकदम उघडे करू नये. चेहरा, मग एक हात, मग दुसरा, असे जेवढे पुसायचे तेवढेच उघडावे आणि पुसून कोरडे झाले की लगेच झाकावे. याला जास्त वेळ लागत नाही, उलट रुग्ण कुडकुडत नाही आणि अंग आखडून घेत नाही, त्यामुळे वळवणे सोपे जाते. ज्याचा हात चालतो त्याच्या हाती ओले फडके द्यावे आणि “चेहरा आणि खालचा भाग तुम्ही पुसता का?” असे विचारावे. पुष्कळ जण आनंदाने पुसतात, आणि जे अवयव परक्या माणसाने हाताळू नयेत असे त्यांना वाटते, ते त्यांच्याच ताब्यात राहतात. आम्ही घाईपोटी हे काम त्यांच्या हातून काढून घेतो आणि मग वर म्हणतो की रुग्ण परावलंबी झाला.

बोलण्याबद्दल म्हणाल, तर गप्पा माराव्यात असे कोणी सांगितलेले नाही. “आता पाठ पुसतो, डावीकडे वळवतो, क्षणभर गार लागेल,” ही वाक्ये हात चालू असतानाच बोलता येतात. मात्र अंगाला हात लावण्यापूर्वी एक वाक्य आणि त्यानंतर उत्तरासाठी दोन क्षणांची उसंत, एवढे कधीही वगळू नये. अंगावरून चाललेल्या गप्पांवर माझ्या वॉर्डात बंदी होती, आणि त्यासाठी मी पुष्कळ वाईटपणा घेतलेला आहे.

ज्येष्ठांच्या ‘वेळ नाही’ या मुद्द्यावरही एक सांगते. २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कर्मचाऱ्यांनी ठरावीक वेळाने स्वतःहून रुग्णाजवळ जाऊन वेदना, शौच-लघवी, अंगस्थिती आणि वस्तू हाताशी आहेत का, एवढे विचारले, तेव्हा बेल वाजण्याचे प्रमाण घटले. आणि जेथे ही फेरी दर तासाला होत होती, तेथे रुग्ण पडण्याच्या घटनाही कमी झाल्या. न विचारल्यामुळे वाचलेला वेळ पुढे बेलच्या मागे धावण्यात जातो, हे मी अभ्यास वाचण्याआधीच अनुभवाने शिकले होते.

---

उत्तर – सात आठवडे पाठीवर

मी कर्मचारी नाही. मांडीचे हाड मोडल्यामुळे सात आठवडे अंथरुणाला खिळून होतो, म्हणून पलंगावरून दिसणारी बाजू लिहितो.

उघडे पडण्याची लाज चार दिवसांत बोथट होते. वाट पाहण्याची लाज मात्र होत नाही. पॉट देऊन “आलोच” म्हणत गेलेला माणूस केव्हा परत येणार हे ठाऊक नसते, बेल उशीमागे लटकत असते, आणि शेजारच्या पलंगाला भेटायला आलेली मंडळी पडद्यापलीकडे हसत-बोलत असतात. त्या अवस्थेत काढलेली पंधरा मिनिटे मला अजून आठवतात. मी पुढे पुढे पाणी कमी पिऊ लागलो, केवळ कोणाला हाक मारावी लागू नये म्हणून. आणि डॉक्टर मला विचारत राहिले की लघवी इतकी कमी का.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: माझे वय तेव्हा अठ्ठावन्न होते आणि पहिल्याच दिवशी मी वॉर्डाचा ‘आजोबा’ झालो. म्हणणाऱ्याच्या मनात माया होती, यात शंका नाही. पण मला नाव होते आणि ते माझ्या डोक्यापाशी टांगलेल्या कागदावर लिहिलेले होते. एका मावशींनी मात्र पहिल्या दिवशी “तुम्हाला काय म्हणून हाक मारू?” असे विचारले. मी आडनाव सांगितले आणि त्या शेवटपर्यंत आडनावाला ‘राव’ लावून हाक मारत राहिल्या. शेजारच्या वृद्ध बाईंनी मात्र त्यांना “मला आजीच म्हण” असे सांगितले होते. तेव्हा आजी-आजोबा म्हणणे चूक नाही, न विचारता म्हणणे चूक आहे. आणि कोणालाही ‘तू’ म्हणू नये, एवढे तरी विचारल्याशिवायही कळावे.

---

उत्तर – चौदा वर्षे वॉर्डबॉय

वरचे सगळे पटते, तरीही एक कडू गोष्ट लिहितो. ज्या ठिकाणी दोन माणसांवर तीस रुग्णांचा भार असतो, तेथे सन्मानाचा उपदेश फक्त सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाला का केला जातो? डॉक्टरांच्या राउंडच्या वेळी पलंगाभोवती दहा जण उभे राहून रुग्णाचा आजार मोठ्याने सांगतात, तेव्हा पडदा कोण ओढतो? “बारा नंबरचा पॉट घे” असे सांगणाऱ्यांनी रुग्णाचे नाव घेतले असते, तर आमच्याही तोंडी तेच नाव बसले असते. मला चौदा वर्षांत माझ्या नावाने हाक मारणारे लोक एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. ज्याला दिवसभर “ए मामा” असे ओरडून बोलावले जाते, त्याने प्रत्येक पलंगापाशी मृदू आवाजात बोलावे ही अपेक्षा मी चूक म्हणत नाही, पण ती एकतर्फी आहे. मनुष्यबळ वाढवून मागणे हासुद्धा रुग्णाच्या सन्मानाचाच भाग आहे, हे प्रश्नकर्त्याने स्वतःला दोष देताना लक्षात ठेवावे.

तरीही स्ट्रेचर ढकलताना काही गोष्टी माझ्या हातात असतात आणि त्या मी सोडत नाही. निघण्याआधी कुठे जायचे आहे आणि परत कोण आणणार, हे सांगतो. चादर गुडघ्यापर्यंत नव्हे तर पावलांपर्यंत आहे ना, ते पाहतो. युरिन बॅग रुग्णाच्या पोटावर ठेवत नाही. ती मूत्राशयाच्या पातळीखालीच टांगावी लागते, नाहीतर लघवी उलटी जाऊन जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि तिच्यावर कापड टाकले की लिफ्टमधल्या लोकांच्या नजरेपासूनही ती झाकली जाते. एक्स-रेच्या खोलीबाहेर थांबावे लागले, तर रुग्णाचे तोंड भिंतीकडे करून निघून जात नाही.

---

उत्तर – स्मृतिभ्रंश विभागातून

वरील उत्तरांत ‘विचारावे’ हा शब्द पुन्हा पुन्हा आला आहे. आमच्या विभागात अडचण तेथूनच सुरू होते, कारण उत्तर येईलच असे नसते किंवा दर वेळी ‘नको’ असेच येते.

टॉम किटवुड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबाबत व्यक्तिकेंद्रित सेवेची मांडणी केली. रुग्णाचे व्यक्तित्व झिजवणाऱ्या सतरा प्रकारच्या वागणुकी त्यांनी नोंदवल्या. लहान मुलासारखे वागवणे, रुग्णाला झेपणार नाही इतक्या वेगाने काम उरकणे, तो समोर असून नसल्यासारखे बोलणे, हे त्यांतलेच प्रकार. माझ्या दृष्टीने त्यांची महत्त्वाची गोष्ट अशी, की बहुतेक वेळा या वागणुकीमागे दुष्टपणा नसतो, असे ते स्पष्ट म्हणतात. प्रश्नकर्त्याच्या प्रसंगात नेमके हेच घडले.

आमच्याकडे ‘ऐकत नाहीत’ असा शेरा असलेल्या एक बाई आंघोळीच्या वेळी हात झटकायच्या. दोघींनी धरून काम उरकण्याचा प्रघात पडला होता. नंतर त्यांच्या मुलीकडून कळले की त्यांनी आयुष्यभर पहाटे, घर उठण्यापूर्वी आंघोळ केली होती, आणि आम्ही ती दुपारी घालत होतो. वेळ बदलल्यावर विरोध पूर्ण थांबला असे नाही, पण धरावे लागणे थांबले. ‘नको’ म्हटले की आम्ही दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा जातो, शक्य असल्यास दुसऱ्या व्यक्तीला पाठवतो. मात्र ओला डायपर किंवा वेळेवर कूस बदलणे यांसारख्या, त्वचा खराब होऊ शकणाऱ्या गोष्टी हव्या तितक्या लांबवता येत नाहीत. तेव्हा काय करायचे, हे एकट्याने न ठरवता सिस्टरशी बोलून ठरवावे.

---

प्रश्नकर्ता – रातपाळी

सर्वांचे आभार. त्या गृहस्थांकडे काल पुन्हा गेलो. प्रथम माझे नाव सांगितले, कारण चार महिन्यांत ते त्यांना कधी सांगितलेच नव्हते. त्यांना काय म्हणून हाक मारू, हे विचारले, तर ते म्हणाले, “माझे विद्यार्थी सर म्हणायचे.” चेहरा आणि छाती त्यांनी स्वतः पुसली, फडके दोनदा खाली पडले आणि सात-आठ मिनिटे जास्त लागली, हेही प्रामाणिकपणे लिहितो. सहकाऱ्याने घड्याळाकडे पाहिले, पण तो काही बोलला नाही.

पॉटचे मात्र अजून जमलेले नाही. एकाला दिला की दुसरीकडून हाक येते आणि मी खरोखरच विसरतो.

---

उत्तर – निवृत्त परिचारिका

पॉट दिल्यावर बेल उशीमागे नव्हे, तर रुग्णाच्या हातात द्यावी, आणि “आलोच” न म्हणता “दहा मिनिटांनी येतो, आधी झाले तर बेल दाबा” असे सांगावे. खिशात कागदाचा तुकडा ठेवून त्यावर पलंग आणि वेळ लिहावी. मीसुद्धा विसरत असे, म्हणूनच माझ्या खिशात पेन असे. आणि सरांना जास्त लागलेली ती सात-आठ मिनिटे पाळी बदलताना सिस्टरच्या कानावर घाला. पुढच्या पाळीतील माणसाने फडके पुन्हा त्यांच्या हातून काढून घेऊ नये.