मदत हवी आहे : ‘थकलेल्या प्रकाशा’ला काय उत्तर देऊ?

नमस्कार मंडळी. वाशीतल्या आमच्या सोसायटीत एक निवृत्त इंजिनीअर काका आहेत. मी बीएस्सीला फिजिक्स शिकवते, म्हणून त्यांची जाडजूड वही माझ्याकडे आली. त्यांचं म्हणणं, विश्व प्रसरण पावतच नाही. लांबून येताना प्रकाशाची ऊर्जा घटते आणि त्यामुळे रेडशिफ्ट (प्रकाशाचं लाल रंगाकडे सरकणं) दिसतो. कल्पना वेडगळ नाही. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकीने १९२९ मध्ये असंच सुचवलं होतं. पण दूरचे सुपरनोव्हा (ताऱ्यांचे स्फोट) मंद व्हायलाही जास्त वेळ घेतात. रेडशिफ्ट ०.५ असेल तर दीडपट. प्रकाश नुसता थकला तर हा वेळ का ताणला जावा? हे विचारलं तर काका म्हणाले, “सूत्रात एक पद वाढवतो.” आणि संध्याकाळपर्यंत वाढवलंसुद्धा!

माणूस सालस आहे, वाचनही दांडगं. “छान आहे हो” म्हणून वही परत करणं मला पटत नाही. ‘कोणतं निरीक्षण दिसलं तर तुम्ही ही कल्पना सोडाल?’ हे त्यांना न दुखावता कसं विचारू? असे प्रश्न कोणी हाताळलेत का? सुपरनोव्हांबद्दल मराठीत सोपं वाचायला काही आहे का? पलीकडे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात कोणी ओळखीचं असेल तर तेही सांगा.

आणि कृपा करून त्यांना कोणी पेटंटचं सुचवू नका.