सकाळी, इंजिन गार असतानाच बघा
२०१२ ची डिझेल स्विफ्ट, १ लाख ४० हजार किमी, घ्यावी का, असं विचारलंयत. किमीवर फार जाऊ नका. मालकाला सांगून ठेवा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. बॉनेट हाताला गार लागलं पाहिजे, गरम इंजिनात चालू होण्याचा त्रास लपतो. चालू झाल्यावर ऑइलचं झाकण उघडा. तिथून धूर जोरात फुसफुसत आला तर पिस्टनभोवतीच्या, गॅस अडवणाऱ्या रिंगा झिजल्यात, सौदा सोडाच. मग ठाण्यात घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर खेचून बघा, टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलून ताकद वाढवणारा भाग) आणि क्लच दोन्हींची हालत कळते. या १२४८ सीसी इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारी साखळी) आहे, पण ऑइल वेळेवर बदललं नसेल तर तीही खडखडते. आणि २०२७ ला गाडीच्या नोंदणीची १५ वर्षं भरतात. आरसीचं नूतनीकरण, जुन्या गाडीवरचा हरित कर हा खर्च आत्ताच भावातून कापून घ्या.