मदत हवी आहे: परदेशी स्ट्रायकर आणू की पोरांचा सराव चालू ठेवू?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा मी तीन वर्षं खजिनदार आहे. नाव सांगत नाही. इथले निम्मे लोक ओळखतील आणि उरलेले विरोधी पेठेतले असतील.

मागच्या हंगामात शाहू स्टेडियमवर आम्ही खालच्या गटात जाता जाता वाचलो. खात्यात 1 लाख 40 हजार आहेत आणि बूट-जर्सीवाल्याचं देणं त्याहून जास्त. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, दोन परदेशी खेळाडू आणा, एक स्ट्रायकर (गोल मारणारा), एक स्टॉपर (बचाव सांभाळणारा). मानधन, खोली, जेवण धरलं तर सकाळी सहाला सरावाला येणाऱ्या तीसेक पोरांचा (वय 12 ते 15) कोच, बॉल, केळी-अंडी सगळं बंद करावं लागेल.

ज्येष्ठांचं चुकतंय असंही नाही. संघ खाली गेला की वर्गणी आटते, जर्सीवरचा जाहिरातदार फोन उचलत नाही.

बैठकीत मी जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबचं सांगितलं. 2005 ला दिवाळखोरीच्या दारात, 2008 ला क्लॉप कोच म्हणून आला, 2011 आणि 2012 ला जर्मन लीगचं विजेतेपद. एका काकांनी विचारलं, "त्यांच्या मैदानात माणसं किती बसतात?" ऐंशी हजार म्हणालो आणि गप्प बसलो. आमच्याकडं तिकिटाचा गल्ला आमचा नसतोच.

जवळचं उदाहरण गोव्याच्या डेंपो क्लबचं. पाच वेळा देशाचं विजेतेपद घेतलेल्या या क्लबनं 2016 मध्ये आय-लीग ही देशपातळीवरची स्पर्धा सोडली, गोव्यातच खेळत राहिला आणि 2024-25 ला परत आय-लीगमध्ये उतरला. पण त्यांच्यामागं उद्योगसमूह आहे. तेवढ्यानंही भागतं असं नाही म्हणा, महिंद्रा कंपनीचा क्लब महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंदच झाला. एकाच खिशावर उभं राहायची मला भीती वाटते ती म्हणूनच.

आता विचारायचं ते. सीएसआरमध्ये (कंपन्यांनी नफ्यातून सामाजिक कामांवर करायचा खर्च) ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण बसतं, फुटबॉल त्यात आलाच. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखान्यानं पोरांच्या सरावासाठी पैसे दिले, तर ते स्ट्रायकरकडं वळवताच येणार नाहीत. मला नेमकं तेच कुलूप हवंय. तालीम धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेली आहे, पण 12ए, 80जी या आयकर खात्याच्या नोंदण्या नाहीत आणि दोन वर्षांचं ऑडिट राहिलंय. त्यानंतर सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेनं भरायचा सीएसआर-1 हा फॉर्म. कुणी हे केलंय का? किती महिने लागले, सीएने किती घेतले?

दुसरं, फिफाच्या नियमानुसार खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला की त्या बदलीसाठी मोजलेल्या रकमेतले 5 टक्के, त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांना मिळतात. आमची पोरं शाळेच्या नावावर खेळतात, आमच्याकडं त्यांची नोंदच नाही. आत्तापासून रीतसर नोंदणी करावी का? हसू नका, 2017 चा 17 वर्षांखालील वर्ल्ड कप खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

भर: खाली दोघांनी विचारलंय म्हणून सांगतो. एकच परदेशी आणायचा, उरलेले पैसे पोरांना, हे मांडून झालंय. काकांचं उत्तर, "नुसता स्टॉपर आणला तर गोल तू मारणार का?" पुढची बैठक रविवारी आहे. सीएसआरचं ठाऊक असलेल्यांनी त्याआधी लिहा, प्लीज.