धोंडो : दगड की धुंडिराज?

धागाकर्ती

भावाच्या मुलाचं बारसं येत्या रविवारी आहे. मी आत्या, म्हणजे नाव ठेवायचा मान माझा. वहिनीने दोन अक्षरी गोडसं नाव कधीच ठरवून ठेवलंय. पण आजीचा हट्ट, की कानात सांगायचं नाव आमच्या पणजोबांचंच हवं : धोंडो. वहिनीला धास्ती, की एकदा कानात गेलं की ते चिकटणार आणि शाळेत पोरं 'धोंड्या' म्हणणार. भाऊ नेहमीप्रमाणे दोघींच्याही बाजूने.

धोंडो म्हणजे धोंडाच ना? की दुसरा काही अर्थ आहे? आणि आज हे नाव कसं वाटतं तुम्हाला?

प्रतिसाद

धोंडा म्हणजे दगड, आपल्याच पायावर पाडून घ्यायचा तो. लोक गळ्यात बांधून घेतात ती धोंड. यात धुंडाळायचं काय? आजीला नमस्कार करा आणि वहिनीचं ऐका.

प्रतिसाद

वरच्यांनी चेष्टेत 'धुंडाळायचं' लिहिलं आणि नेमकं उत्तरावरच बोट ठेवलं.

या नावाला दोन वाटा आहेत. पहिली दगडाचीच. मूल जगत नसे त्या घरात पुढच्या बाळाला मुद्दाम टाकाऊ नाव देत : दगडू, धोंडू, केरू, कचरू, उकिर्डा. देवापुढे पदर पसरून मागून घेतलेला तो भिकू किंवा भिकाजी. मुलाचं नाक टोचून त्याला मुलगी भासवलं तर तो नथू. यमाने किंवा सटवीने वळूनही बघू नये असं नाव ठेवायचं, एवढाच हेतू. म्हणजे नाव जितकं ओबडधोबड, तितकी त्यामागची आई घाबरलेली.

दुसरी वाट काशीची. तिथे विश्वनाथाजवळ ढुंढिराज गणपती आहे. काशीखंडात त्याच्या नावाची फोड 'ढुंढ्' म्हणजे शोधणे अशी केली आहे. हिंदीत त्याचं ढूँढना झालं आणि आपल्याकडे धुंडाळणे. तसाच ढुंढिराजाचा धुंडिराज झाला. दादासाहेब फाळक्यांचं नाव धुंडिराज गोविंद फाळके, हे बहुतेकांना ठाऊक असतं. आता जुनी ओकारान्त नावं आठवून बघा. मोरेश्वराचा मोरो, नारायणाचा नारो (नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच), केशवाचा केसो, विश्वनाथाचा विसो. सगळी देवांची नावं आखूड केलेली. त्या रांगेत धोंडो उभा केला तर तो धुंडिराजाचा वाटतो, दगडाचा नाही. १८५७ चे नानासाहेब पेशवे मुळात धोंडोपंत होते.

माझं मत विचाराल तर दोन्ही वाटा पुढे एकमेकींत मिसळल्या. धोंडू, धोंडीबा ही दगडाकडची, धोंडो-धोंडोपंत ही बहुधा गणपतीकडची, पण कुठल्या घरात कोण कुठून आलं ते घरच्यांनाच ठाऊक. आणि गावाबाहेरचा म्हसोबा तरी काय असतो? शेंदूर फासलेला धोंडाच. त्यामुळे दगड की देव हा वाद आपल्याकडे जरा पुस्तकीच आहे.

नाव हास्यास्पद झालं ते फार पुढे. 'असा मी असामी'तला धोंडो भिकाजी जोशी आठवतो ना? बाप भिकाजी, मुलगा धोंडो. आपण हसतो, पण ती दोन्ही नावं नवसासायासाची आहेत.

प्रतिसाद

आमच्याकडे मराठवाड्यात तिसरंच कारण. चुलते धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक महिन्यात जन्मले म्हणून धोंडीराम. त्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, त्यामुळे आम्हा पोरांना हे नाव ऐकलं की दगड नाही, तूप आठवायचं. फक्त तिथीने वाढदिवस करायची पंचाईत. अधिक श्रावण २००४ मध्ये आला, मग थेट २०२३ मध्ये. चुलते म्हणायचे, मी अजून वयातच आलो नाही.

प्रतिसाद

हे नाव गेलं म्हणता, पण ते मधल्या जागेवर जाऊन बसलंय. र. धों. कर्वे, ना. धों. महानोर. 'धों.' हे आद्याक्षर काना, मात्रा, अनुस्वार सगळं अंगावर घेऊन येतं, र आणि ना त्यापुढे बिचारे वाटतात. धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली गेले. १०४ वर्षं! जगावं म्हणून ठेवायचं नाव असेल, तर याहून मोठा दाखला कुठला?

धोंड्याचं म्हणाल तर मराठी पोरांच्या तावडीतून कुठलंही नाव सुटत नाही. माझ्या भाच्याचं नाव शौर्य. मैदानात त्याला 'ए शौऱ्या' अशीच हाक असते.

प्रतिसाद

चर्चा छान, पण रोज हजेरीला 'धोंडो' ऐकायचं त्या पोराला आहे, आपल्याला नाही. पत्रिकेत धुंडिराज लिहा, आजीला धोंडो म्हणू द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवताना आजीला मोठ्या उत्साहाने काशीचा धुंडिराज सांगितला. तिने पानातलं लोणचं बाजूला सारलं आणि म्हणाली, "कसला धुंडिराज? मामंजींच्या आधीची तीन गेली. यांना सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं, सुईणीने उचललं, आणि तिला पसाभर तांदूळ देऊन परत विकत घेतलं. म्हणून धोंडो."

कोणी काही बोललं नाही. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बऱ्याच वेळाने माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सांगा कानात. पण हळू सांगा."